विनू मांकड यांनी मागितलेली हमी

जून २०२५ च्या पहिल्या दहा दिवसांत दोन खेळाडूंनी आंतरराष्ट्रीय क्रिकेट सोडलं. दक्षिण आफ्रिकेचा हाइनरिक क्लासेन ३३ वर्षांचा होता. वेस्ट इंडिजचा निकोलस पूरन तर अवघा २९ वर्षांचा, आपल्या संघाकडून तोवर सर्वाधिक १०६ टी-ट्वेंटी सामने खेळलेला, आणि पुढचा टी-ट्वेंटी विश्वचषक आठ महिन्यांवर आलेला. दोघांनी बॅट खाली ठेवलेली नाही, फक्त देशाची जर्सी सोडून लीगमधल्या संघांची जर्सी घातली. त्यानंतर जे व्हायचं ते झालं. एका बाजूने ‘पैशासाठी देश विकला’ हा गजर सुरू झाला. दुसऱ्या बाजूने ‘तो व्यावसायिक आहे, त्याची मर्जी’ असं म्हणून खांदे उडवले गेले. गेली काही वर्षं हीच दोन वाक्यं नावं बदलून फिरताहेत. न्यूझीलंडच्या ट्रेंट बोल्टच्या वेळी हीच होती, इंग्लंडच्या जेसन रॉयच्या वेळीही हीच.

मला दोन्ही वाक्यं आळशी वाटतात. पहिल्यात देश आणि क्रिकेट मंडळ एकच आहे असं गृहीत धरलंय. दुसऱ्यात बाजार हा पावसासारखा आभाळातून पडतो, त्याला कुणी आणत नाही, असं गृहीत धरलंय. माझं म्हणणं वेगळं आहे. लीगसाठी देश सोडण्याचा निर्णय बहुतेक वेळा खेळाडूच्या आधी त्याच्या मंडळाने घेतलेला असतो. वेळापत्रक मंडळ आखतं, करार मंडळ लिहितं, लीगमधले संघही मंडळच विकतं. खेळाडू फक्त शेवटची सही करतो, आणि बदनामी तेवढी त्याच्या वाट्याला येते.

आधी ‘देश’ या शब्दाचंच बघू. पूरनने कुठला देश सोडला? तो त्रिनिदादचा, आणि वेस्ट इंडिज नावाचा देश जगाच्या नकाशावर नाही. तिथे आहे तो अनेक स्वतंत्र देशांच्या मंडळांनी मिळून उभा केलेला एक संघ. त्याला स्वतंत्र राष्ट्राचा झेंडा नाही की राष्ट्रगीत नाही. आपल्याकडे २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की बीसीसीआय ही राज्यघटनेच्या अर्थाने ‘राज्यसंस्था’ नाही. मंडळाला स्वतःलाही तेच हवं होतं. म्हणजे कोर्टात आम्ही खासगी संस्था, आणि खेळाडूने नकार दिला की आम्ही भारतमाता! थोरले पतौडी इंग्लंडकडून खेळले, पदार्पणात सिडनीला शतक ठोकलं आणि पुढे १९४६ साली भारताचे कर्णधार झाले. त्यांची निष्ठा नेमकी कुठल्या खात्यात मांडायची? प्रेक्षकाच्या मनातली भावना खोटी आहे असं मी मुळीच म्हणत नाही. ती खरी आहे, आणि खरी आहे म्हणूनच ती वापरली जाते.

आता १९५२ सालात जाऊ. हा वाद नवा आहे, आयपीएलने जन्माला घातलाय, असं ज्यांना वाटतं त्यांनी विनू मांकड यांची गोष्ट लक्षात घ्यावी. १९५१-५२ च्या मोसमात इंग्लंडचा संघ भारतात आला होता. मांकड यांनी त्या मालिकेत ३४ बळी घेतले. फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला भारताने आयुष्यातली पहिली कसोटी जिंकली, त्यात एकट्या मांकड यांचे १२ बळी होते. त्याच वर्षी उन्हाळ्यात भारताचा इंग्लंड दौरा होता. दरम्यान लँकेशायर लीगमधल्या हॅसलिंग्डन या क्लबने त्यांना मोसमभरासाठी विचारलं. लँकेशायर लीग म्हणजे त्या काळची फ्रँचायझी लीगच. गिरणगावांतले छोटे क्लब, पण प्रत्येकाला बाहेरचा एक व्यावसायिक खेळाडू घेण्याची मुभा आणि त्याला द्यायला पैसे. मांकड यांनी मंडळाकडे एवढंच मागितलं की दौऱ्यावर माझी निवड होणार याची हमी द्या, मी क्लबला नाही म्हणतो. मंडळाने हमी दिली नाही. मांकड यांनी हॅसलिंग्डनशी करार केला.

पुढचं नाटकातल्यासारखं आहे. लीड्सच्या पहिल्या कसोटीत भारताचा दुसरा डाव बिनबाद शून्यावरून शून्यावर ४ बाद असा झाला. धावफलकावर एकही धाव नाही आणि चार फलंदाज तंबूत. मग मंडळाला मांकड आठवले. हॅसलिंग्डनशी बोलणी झाली, आणि त्या क्लबने त्यांना उरलेल्या कसोटींसाठी सोडलं. लॉर्ड्सवर मांकड सलामीला उतरले, ७२ धावा केल्या. मग ७३ षटकं टाकून ५ बळी घेतले. मग पुन्हा सलामीला येऊन १८४ धावा केल्या. मग आणखी २४ षटकं टाकली. भारत तो सामना हरला तरी ती कसोटी आजही मांकड यांच्याच नावाने ओळखली जाते.

या गोष्टीत देशद्रोही कोण? ज्याने क्लबचा करार केला तो, की ज्यांनी त्याच मोसमात १२ बळी घेऊन पहिला विजय मिळवून देणाऱ्या माणसाला ‘तुझी जागा नक्की’ एवढे तीन शब्द सांगितले नाहीत ते? निष्ठेच्या या व्यवहारातली गंमत अशी की ती नेहमी एकाच बाजूने मागितली जाते. निवड समिती एका बैठकीत खेळाडूला घरी बसवू शकते, कारण न सांगता, पुढच्या मोसमाचा शब्द न देता. त्याचा गुडघा गेला, वय झालं, कर्णधार बदलला, तर संपलं. खेळाडू मात्र स्वतःहून गेला की ती गद्दारी. मांकड यांच्या जवळपास वीस वर्षांआधीची वाट पाहा: त्याच लीगमध्ये लिअरी कॉन्स्टंटाइन नेल्सन क्लबकडून खेळायचा. १९३३ साली वेस्ट इंडिजचा संघ इंग्लंडमध्येच तीन कसोटी खेळत होता आणि त्यांचा सगळ्यात मोठा खेळाडू त्यातल्या एकाच कसोटीत उतरू शकला, कारण क्लबचा करार आड आला. त्याला कुणी आज दोष देत नाही. काळ्या माणसाला मानाने जगण्याइतके पैसे त्या काळी क्रिकेटमध्ये कोण देत होतं, हा प्रश्न इतिहासाने विचारला आणि उत्तर नेल्सनच्या बाजूने गेलं.

मंडळांच्या नैतिकतेचा आलेख काढायचा असेल तर एकट्या कपिल देववरून काढता येतो. १९८३ चा विश्वचषक जिंकून संघ परतला तेव्हा बक्षीस द्यायला मंडळाकडे पैसे नव्हते. लता मंगेशकर यांनी दिल्लीत गाण्याचा कार्यक्रम केला, त्यातून प्रत्येक खेळाडूला एक लाख रुपये मिळाले. जगज्जेत्यांचं मानधन गाण्याच्या तिकिटांतून! पुढे १९८९ मध्ये अमेरिकेत काही प्रदर्शनीय सामने खेळले म्हणून वेंगसरकर, शास्त्री, कपिल देव यांच्यासह सहा जणांवर मंडळाने वर्षभराची बंदी घातली. वेंगसरकर तेव्हा कर्णधार होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि बंदी मागे घ्यावी लागली. २००७ मध्ये इंडियन क्रिकेट लीग निघाली, कपिल देव तिच्याशी जोडले गेले, तर मंडळाने त्यांना राष्ट्रीय क्रिकेट अकादमीच्या अध्यक्षपदावरून दूर केलं आणि त्या लीगमध्ये गेलेल्या खेळाडूंवर बंदी घातली. शहरांच्या नावाचे संघ, वीस षटकं, परदेशी खेळाडू, हे सगळं क्रिकेटच्या मुळावर उठलेलं पाप होतं. पुढच्याच वर्षी, २००८ मध्ये, मंडळाने तेच पाप आयपीएल या नावाने स्वतः सुरू केलं आणि ते पुण्य ठरलं.

ऑस्ट्रेलियात हेच तीस वर्षं आधी झालं होतं. १९७७ मध्ये टीव्ही वाहिनीचा मालक केरी पॅकर याने स्वतःच्या स्पर्धेसाठी जगभरातले खेळाडू उचलले, तेव्हा त्याला सर्कस म्हणून हिणवलं गेलं. त्यांच्यावर घातलेल्या बंदीविरुद्ध खेळाडू इंग्लंडच्या उच्च न्यायालयात गेले आणि न्यायमूर्ती स्लेड यांनी ही बंदी म्हणजे माणसाच्या रोजगारावर गैरवाजवी बंधन असल्याचं सांगितलं. भारताविरुद्धच्या मालिकेसाठी ऑस्ट्रेलियाला ४१ वर्षांच्या बॉब सिम्पसनला निवृत्तीतून उठवून कर्णधार करावं लागलं. दोन वर्षांत तडजोड झाली. पॅकरला प्रक्षेपणाचे हक्क मिळाले, आणि त्याच्या सर्कशीतला पांढरा चेंडू, रंगीत कपडे, प्रकाशझोत हे सगळं मंडळांनी आपल्या घरात आणून मांडलं. खेळाडूंना जरा बरे पैसे मिळू लागले ते कुणाच्या देशभक्तीमुळे नव्हे, या बंडामुळे.

इथपर्यंत वाचून वाटेल की मी खेळाडूंचा वकील झालोय. तसं नाही. समोरच्या बाजूचे दोन मुद्दे इतके भक्कम आहेत की त्यांना बगल देणं अप्रामाणिकपणाचं होईल.

पहिला मुद्दा पेरणी कुणी केली आणि पीक कुणी नेलं हा. सोळा वर्षांखालच्या संघाचा प्रशिक्षक, मैदानाची देखभाल, तीन-चार दिवसांचे रिकाम्या मैदानांवरचे सामने, हा सगळा तोट्याचा धंदा मंडळं चालवतात. लीग येते ती तयार माल घ्यायला. आयपीएल परदेशी खेळाडूच्या मानधनाच्या काही टक्के रक्कम त्याच्या मंडळाला देते हे खरं, पण जो खेळाडू मंडळाशी नातंच तोडतो त्याच्या बाबतीत हे गणित फार काळ टिकत नाही. मंडळ दुबळं झालं की पुढचा पूरन घडणार कुठे? याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. फक्त एक आठवण करून देतो: पूरन एकही कसोटी सामना खेळला नाही. त्याच्या निवृत्तीवर कसोटी क्रिकेटच्या मरणाचा शोक करणाऱ्यांनी हे पाहिलेलंच नव्हतं. तो टी-ट्वेंटीच्याच मातीत वाढला, आणि ती माती कॅरिबियनमध्ये मंडळानेच टाकली होती.

दुसरा मुद्दा आठवणीचा, आणि तो मला स्वतःला सगळ्यात जास्त छळतो. अमुक वर्षी अमुक लीग कोण जिंकलं, हे चाहत्यालासुद्धा शोधावं लागतं. पण जानेवारी २०२४ मधली ब्रिस्बेनची कसोटी कोण विसरेल? पायाच्या अंगठ्याला चेंडू लागून आदल्या दिवशी मैदान सोडलेला शमार जोसेफ, सात बळी, ८ धावांनी विजय, आणि समालोचन कक्षात डोळे पुसणारा ब्रायन लारा. गयानातलं बाराकारा नावाचं गाव, जिथे नदीतून नावेने जावं लागतं, तिथला हा मुलगा काही काळापूर्वी सुरक्षारक्षक म्हणून काम करत होता. कितीही पैसे पुढे आले तरी वेस्ट इंडिजकडून कसोटी खेळायला मी हजर असेन, असं तो म्हणाला. लोक म्हणतात, बघा, अशी निष्ठा असते!

असते. पण त्यापुढचं पाहा. काही आठवड्यांतच आयपीएलमधल्या लखनौच्या संघाने त्याला बदली खेळाडू म्हणून ३ कोटी रुपयांना घेतलं, आणि मंडळाने घाईघाईने त्याच्या कराराचा दर्जा वाढवला. म्हणजे त्या सात बळींची किंमत बाजाराला आणि मंडळाला एकाच वेळी कळली. शमार जोसेफचं मन मोठं आहे म्हणून त्याचं कौतुक करू. मात्र एका पंचविशीतल्या मुलाच्या मोठ्या मनावर अख्ख्या कॅरिबियनमधल्या कसोटी क्रिकेटचा डोलारा उभा करणं याला व्यवस्था म्हणत नाहीत. दीड वर्षाने, जुलै २०२५ मध्ये, तोच वेस्ट इंडिज किंग्स्टनला ऑस्ट्रेलियाविरुद्ध २७ धावांत गारद झाला. त्या संघात शमारही होता. भावना होती, तरी धावा २७ च झाल्या.

आता मंडळाने आधी निर्णय घेतलेला असतो असं मी म्हणालो, त्याचा सगळ्यात उघडा पुरावा. फेब्रुवारी २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेने न्यूझीलंडला दोन कसोटींसाठी जो संघ पाठवला त्यात १४ पैकी ७ जण कधीच कसोटी खेळलेले नव्हते. कर्णधार नील ब्रँडचंही ते पदार्पणच होतं. कारण? त्याच दिवसांत घरी एसए-ट्वेंटी लीग चालू होती. जगभर ओरड झाली की आफ्रिकेच्या खेळाडूंना कसोटी नको, पैसा हवा. वस्तुस्थिती उलटी होती. लीगमध्ये खेळणं खेळाडूंच्या करारातच बांधलेलं होतं. बवुमा किंवा रबाडाने ‘मला न्यूझीलंडला जायचंय’ असा हट्ट धरला असता तरी सोय नव्हती. त्याआधी जानेवारी २०२३ मध्ये याच लीगसाठी त्यांच्या मंडळाने ऑस्ट्रेलियातली एकदिवसीय मालिका सोडून दिली होती, विश्वचषकाच्या पात्रतेचे गुण गमावून. ही लीग नसती तर मंडळच दिवाळखोरीच्या वाटेवर होतं, असा त्यांचा बचाव आहे, आणि तो मी खोटा मानत नाही. त्या लीगचे सहाच्या सहा संघ आयपीएलच्या मालकांनी विकत घेतले आहेत. न्यूझीलंडने ती मालिका २-० अशी जिंकली, आफ्रिकेविरुद्धचा त्यांचा तो पहिलाच मालिकाविजय. आणि जून २०२५ मध्ये लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाला हरवून कसोटीचं जगज्जेतेपद पटकावलं ते याच दक्षिण आफ्रिकेने. बवुमा कर्णधार, मार्करमच्या १३६ धावा. खेळाडूंना कसोटी नको होती म्हणे! क्लासेन गेला त्यानंतर दोन आठवडेसुद्धा झाले नव्हते.

आपल्याकडे या विषयावर बोलताना एक सोयीस्कर विसर पडतो. पूरनला नावं ठेवणारे भारतीय चाहते अभिमानाने सांगतात की आमचे खेळाडू बाहेरच्या लीगमध्ये जात नाहीत. जात नाहीत कारण मंडळ जाऊ देत नाही. खेळत असलेल्या भारतीय पुरुष खेळाडूला परदेशी लीगची परवानगीच नाही, निवृत्त व्हावं लागतं. दिनेश कार्तिक तसाच आफ्रिकेत खेळला. आमच्या खेळाडूला देश की लीग हा प्रश्न पडत नाही कारण त्याच्यासाठी दोन्हींचा मालक एकच आहे. आयपीएलच्या दिवसांत जगाचं आंतरराष्ट्रीय क्रिकेट जवळपास बंद असतं. आमची लीग देशाच्या आड येत नाही, कारण तिच्यासाठी सगळ्याच देशांनी वाट मोकळी करून दिली आहे. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या प्रक्षेपण हक्कांचे ४८,३९० कोटी रुपये हे या वाट मोकळी करण्यामागचं कारण. त्यात भर म्हणजे आयसीसीच्या उत्पन्नाच्या २०२४ ते २०२७ च्या वाटपात भारतीय मंडळाला जवळपास ३८ टक्के, तर वेस्ट इंडिजला पाच टक्क्यांहूनही कमी. घरातल्या एका भावाने ताट भरून घ्यायचं आणि दुसरा बाहेर जेवायला गेला की त्याला कुळबुडवा म्हणायचं, यातला प्रकार आहे हा.

‘सीमेवरचा जवान असा विचार करतो का?’ हे वाक्य या वादात हमखास येतं. जवानाच्या नावाने ते उच्चारणाऱ्याला जवानाशी काही घेणंदेणं असतं असं मला कधी दिसलं नाही. क्रिकेट हा खेळ आहे आणि खेळाडूची कारकीर्द पंधरा वर्षांची. सैन्य निवृत्तिवेतन देतं, जायबंदी झाल्यावर सांभाळतं. दुबळ्या मंडळाचा वेगवान गोलंदाज पाठ मोडून घरी बसला तर त्याला कोण विचारतं? तुलना करायचीच तर फुटबॉलशी करा. लिओनेल मेस्सी तेराव्या वर्षी बार्सिलोनाला गेला, तिथेच वाढला. अर्जेंटिनात वर्षानुवर्षं त्याला टोमणे ऐकावे लागले की हा क्लबसाठी जीव टाकतो, देशासाठी नाही. २०२२ मध्ये कतारला त्याने विश्वचषक उचलला. त्याने क्लब सोडून देश निवडला म्हणून नव्हे. फुटबॉलमध्ये वर्षातल्या ठरावीक तारखा राष्ट्रीय सामन्यांसाठी राखलेल्या असतात, त्या दिवसांत क्लबला खेळाडू सोडावाच लागतो, म्हणून. तिथे निष्ठेची परीक्षा घ्यायची वेळच येऊ नये अशी तजवीज केली आहे.

क्रिकेटमध्ये ही तजवीज अशक्य नाही. २०२५ मध्ये क्रिकेटपटूंच्या जागतिक संघटनेने वर्षात २१ दिवसांचे चार कालखंड आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी मोकळे ठेवा असं सुचवलं. कसोटीसाठी सामायिक निधी काढून प्रत्येक सामन्याला किमान १०,००० डॉलर मानधन द्यावं, ही चर्चाही २०२४ मध्ये होऊन गेली. भारतीय मंडळाने स्वतःच्या कसोटीपटूंसाठी त्याच वर्षी प्रोत्साहन योजना आणली. मोसमातल्या पंचाहत्तर टक्क्यांहून जास्त कसोटी खेळणाऱ्याला १५ लाखांच्या मानधनावर सामन्यामागे आणखी ४५ लाख. म्हणजे नुसत्या भावनेवर कसोटी टिकत नाही हे जगातल्या सर्वांत श्रीमंत मंडळालाही कळलं आहे. मग तोच न्याय जमैका आणि झिम्बाब्वेला का नको?

खेळाडूंनाही एक सांगायचंय. विश्वचषक आला की हजर आणि झिम्बाब्वेचा दौरा आला की ‘कुटुंबासोबत वेळ’, हे पाहुण्यासारखं येणं सहकाऱ्यांवर अन्याय करतं. जो वर्षभर घाम गाळतो त्याची जागा ऐनवेळी आलेला नावाजलेला माणूस घेतो. यावर उपाय म्हणून शाप देण्यापेक्षा न्यूझीलंडसारखा सरळ व्यवहार बरा. २०२२ मध्ये बोल्टने मध्यवर्ती करार, म्हणजे मंडळाचा वर्षभराचा करार, नको म्हटलं, मंडळाने सोडलं, करारबद्ध खेळाडूंना आधी संधी मिळेल हेही स्पष्ट सांगितलं. २०२३ च्या विश्वचषकात तो खेळला. विल्यमसनने तेच केलं. कुणी कुणाचे पुतळे जाळले नाहीत.

ऑगस्ट २०२४ मध्ये डेव्हन कॉन्वेने मध्यवर्ती करार नाकारला. जानेवारीत आफ्रिकेतल्या लीगमध्ये खेळणार, श्रीलंकेविरुद्धच्या मालिकेला नसणार, पण सगळ्या कसोटींना येणार, असं मंडळाशी बसून ठरवलं. हा कॉन्वे मूळचा जोहान्सबर्गचा, संधीसाठी घरदार विकून न्यूझीलंडला गेलेला, म्हणजे ‘देश’ आधीच एकदा बदललेला. ऑक्टोबरमध्ये तो भारतात आला. बंगळूरला भारत ४६ धावांत आटोपला, त्याच सामन्यात त्याने ९१ धावा केल्या. पुढच्या कसोटीत पुण्यात, गहुंजेच्या फिरत्या खेळपट्टीवर, पहिल्या डावात ७६. ती कसोटी न्यूझीलंडने जिंकली आणि बारा वर्षांनी भारत मायदेशात मालिका हरला. त्या वेळी कॉन्वेच्या खिशात देशाचा मध्यवर्ती करार नव्हता.